दोन सुयांवर बिनशिवणीचा बटवा

बटवा विणायला चार सुया किंवा गोल सुई लागतेच असं नाही. नेहमीच्या दोन सरळ सुयांवरही तो अखंड उतरतो. सम संख्येत टाके घाला, समजा 40. मग प्रत्येक ओळीत एवढंच: एक टाका सुलट विणा, धागा पुढे आणा, पुढचा टाका उलट टाक्यासारखी सुई घालून न विणता सरकवा, धागा मागे न्या. प्रत्येक ओळ सुलट टाक्याने सुरू होते आणि सरकवलेल्या टाक्याने संपते. दोन ओळी झाल्या की बटव्याचा एक फेरा पूर्ण होतो, म्हणून उंची हळूहळू वाढते, धीर धरा. रुंदी 20 टाक्यांची येते.

खरी चूक होते ती धागा पुढे आणायला विसरल्यावर. तिथे दोन्ही पदर एकमेकांत गुंततात आणि बटवा त्या जागी उघडत नाही. म्हणून दर आठ-दहा ओळींनी दोन्ही पदर चिमटीत धरून अलग ओढून बघा. ही वीण सैल पडते, तेव्हा सुई एक नंबर बारीकच घ्या.

शेवटी एकाआड एक टाके दोन सुयांवर वाटून प्रत्येक बाजू वेगळी बंद करा. तोंड उघडतं, तळ आधीच बंद असतो. काठाखालून जाड सुईने गोफ ओवला की झालं.