कुवेतमधला धुळीचा सीझन: घर, गाडी आणि छाती कशी सांभाळायची

कुवेतला नवीन येणाऱ्या माणसाला सगळे उन्हाचीच भीती घालतात, ५० डिग्री वगैरे, पण उन्हापासून एसीत पळता येतं, धूळ मात्र दाराच्या फटीतून आत येते आणि छातीत जाऊन बसते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, खास करून ज्यांच्या घरी लहान मुलं किंवा दम्याचं माणूस आहे त्यांच्यासाठी.

एप्रिल-मे मध्ये येतात त्या वादळांना इथे सरायात म्हणतात, ढग गडगडतात, धुळीची भिंत समोरून चालून येते आणि बऱ्याचदा थोड्या वेळात सगळं ओसरतं. जून-जुलैचं वेगळं, तेव्हा इराककडून शमाल नावाचा वायव्येचा वारा सुटतो, वाटेतली सुकी माती उचलत येतो आणि चालू झाला की दिवसच्या दिवस थांबत नाही. मे २०२२ मध्ये तर धुळीमुळे एअरपोर्टवरची विमानंसुद्धा थांबवली होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वारा पडला की लोक लगेच खिडक्या उघडतात, हे अजिबात करू नका. जाड रेती पटकन खाली बसते, आणि जी श्वासात येते ती बरीचशी नाकातच अडकते, पण बारीक धूळ म्हणजे पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे कण) वारा थांबल्यावरही कितीतरी वेळ तरंगत राहते आणि खरा त्रास तीच देते. ती किती लांब जाते बघा, जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत गाड्यांवर पांढरट थर बसला होता ना, ती धूळ पाकिस्तानच्या बाजूने अरबी समुद्रावरून आलेली होती. त्यामुळे आकाश बघून ठरवू नका, आकडा बघा. डब्ल्यूएचओच्या हिशोबाने २४ तासांची सरासरी पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) साठी ४५ आणि पीएम २.५ साठी १५ मायक्रोग्रॅमच्या आत हवी, दर घनमीटर हवेत, इथे वादळात पीएम १० हजाराच्या वर जातो. आणि ॲपवरचा एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे तो आकडा, बऱ्याचदा मागच्या काही तासांची सरासरी असतो, म्हणजे वादळ आलं तरी तो थोडा वेळ चांगलाच दाखवतो, म्हणून तासाचा पीएम १० उघडून बघा. तो १५० च्या खाली येऊन तिथेच टिकला की मग खिडकी उघडायची, हा माझा नियम आहे.

घराचं म्हणाल तर अख्खा फ्लॅट सील करायच्या मागे लागू नका, जमत नाही. एक बेडरूम निवडा, शक्यतो ज्याची खिडकी वायव्येला नाही अशी, सरकत्या खिडकीच्या फटीला फोमची पट्टी लावा, दाराखाली ओला टॉवेल, आणि मुलं-म्हातारी माणसं त्या खोलीत. प्युरिफायर घ्यायचा असेल तर बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरवालाच घ्या, ओझोन सोडणारा नको. साइज काढणं सोपं आहे, खोलीचे घनमीटर गुणिले पाच, म्हणजे ४ बाय ४ ची, २.८ मीटर उंच खोली साधारण ४५ घनमीटर, तर सीएडीआर (प्युरिफायर किती हवा साफ करून देतो तो आकडा) ताशी सव्वादोनशे घनमीटरच्या आसपास पाहिजे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही त्यामुळे तो बिनधास्त चालू ठेवा, फक्त जाळी दर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावा. विंडो एसी असेल तर त्याची व्हेंटची खटकी बंद आहे ना ते बघा. छतावरचा सेंट्रल एसी असेल तर सीझनच्या आधीच हारिसच्या (बिल्डिंगच्या वॉचमनच्या) मागे लागून फिल्टर बदलून घ्या, आणि पाण्याच्या टाकीचं झाकण नीट बसतंय का तेही त्याच वेळी बघून घ्या.

किचन आणि बाथरूमचे एक्झॉस्ट फॅन बंद ठेवायचे, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. फॅन जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच फटींमधून धुळीसकट आत ओढली जाते. आणि फॅन बंद म्हणजे त्या दिवशी तळण नको, खमंग फोडण्याही नकोत, कुकरला खिचडी लावा. उदबत्ती, धूप, बखूर (इथला अरबी धूप) सगळं बंद, त्या धुरातही तेच बारीक कण असतात. वादळ गेल्यावर झाडू मारू नका, बसलेली धूळ परत उडते, आधी ओल्या फडक्याने पुसा.

मास्क एन९५ किंवा एफएफपी२ च हवा. कापडी मास्क किंवा ओढणीने रेती अडते, बारीक धूळ नाही. दाढी असेल तर मास्क चिकटून बसत नाही हे लक्षात ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवसापुरत्या काढून ठेवा, डोळे चोळू नका, धुवा. जलनेती करणाऱ्यांनी नळाचं पाणी सरळ वापरू नये, उकळून गार केलेलंच घ्यावं. दम्याच्या लोकांनी रोजचा प्रिव्हेंटर पंप सीझनभर चुकवू नये, मार्चमध्येच डॉक्टरांना भेटून घ्यावं, आणि लगेच आराम देणारा निळा पंप खिशात पाहिजे, घरी ड्रॉवरमध्ये नाही. पंप घेऊनही आराम पडत नसेल, सलग एक वाक्य बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील तर वाट बघू नका, इमर्जन्सीचा ११२ लावा.

गाडीत असाल तर एसी आतल्या हवेवर टाका. समोरचं दिसेनासं झालं तर हायवेच्या कडेच्या पट्टीत थांबू नका, घाई करणारे नेमके तिथूनच येतात, पहिला एक्झिट घ्या आणि पेट्रोल पंप किंवा पार्किंग गाठा.

जे साइटवर काम करतात त्यांचं खरंच अवघड आहे. १ जून ते ३१ ऑगस्ट दुपारी ११ ते ४ उघड्यावरचं काम बंद असतं, पण ते उन्हासाठी, धूळ वेळ बघून येत नाही. सुपरवायझर मराठी असेल, ओळखीचा असेल तर त्याला स्पष्ट सांगा की पोरांना एन९५ द्या, नुसते रुमाल नको.

आणि गावाकडून आई-बाबांना बोलवायचं असेल तर मुलांची सुट्टी आहे म्हणून मे-जूनचं तिकीट काढू नका. वडिलांना दमा असेल तर सरळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीमध्ये बोलवा, आणि त्यांची औषधं प्रिस्क्रिप्शनसकट हँडबॅगेत ठेवायला सांगा.