थिंक टँकमध्ये जाताय? आधी पैसा कुठून येतो ते विचारा

अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्रात एम.ए. करून थिंक टँकमध्ये, म्हणजे सरकारी धोरणांवर संशोधन करणाऱ्या संस्थांमध्ये, येऊ पाहणारी मुलं-मुली मला पगाराचं विचारतात, दिल्लीतल्या भाड्याचं विचारतात, पीएचडी लागते का तेही विचारतात. संस्था कुणाच्या पैशावर चालते, हे क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

आपल्याकडे पैशाच्या वाटा मोजक्या आहेत: सरकारी अनुदान, उद्योगांच्या देणग्या, परदेशी निधी. प्रत्येक वाटेला आपापली दोरी बांधलेली असते. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चचं उदाहरण नवख्यांनी नीट समजून घ्यावं. १९७३ची, मोठ्या नावाची संस्था. सप्टेंबर २०२२मध्ये आयकर खात्याची पाहणी झाली, फेब्रुवारी २०२३मध्ये परदेशी निधी घेण्याची एफसीआरए नोंदणी स्थगित झाली आणि जानेवारी २०२४मध्ये रद्द. नियमभंगाचा आरोप संस्थेने नाकारला, पण तोवर पैसा आटला होता आणि अनेक संशोधकांना बाहेर पडावं लागलं. विद्वत्ता कितीही असो, पुढच्या महिन्याचा पगार एका परवान्यावर टांगलेला असेल तर लिहिताना हात अडखळतो. मला याची फार काळजी वाटते.

पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३०मध्ये उभी राहिली ती रावबहादूर काळे यांच्या देणगीतून. एकदा दिलेला असा निधी आणि दर वर्षी नव्याने मागावा लागणारा प्रकल्पनिधी, यांत संशोधकाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दबाव बहुतेक वेळा अगदी सौम्यपणे येतो. एका संस्थेत मी पाहिलं आहे: एका सरकारी योजनेवरचा आमचा अहवाल छपाईआधी देणगीदाराकडे ‘केवळ माहितीसाठी’ गेला. परत आला तेव्हा सगळ्यात बोचरे आकडे निष्कर्षांतून उचलून परिशिष्टात टाकलेले होते. कुणी आवाज चढवला नव्हता, एकही आकडा खोटा नव्हता.

म्हणून मुलाखतीत सरळ विचारा. विषय कोण ठरवतं? छापण्याआधी मसुदा कुणाकुणाला दाखवला जातो? देणगीदाराला न आवडणारं अलीकडे काय प्रसिद्ध केलंत? शेवटच्या प्रश्नाला चटकन नाव घेऊन उत्तर आलं, तर जागा बरी आहे असं समजायला हरकत नाही.

पक्षाशी जोडलेल्या संस्था मी वाईट मानत नाही. श्यामाप्रसाद मुखर्जी रिसर्च फाउंडेशन भाजपच्या बाजूचं, राजीव गांधी फाउंडेशन काँग्रेसच्या, हे वाचकाला माहीत असतं. तुमचा कल तसा असेल तर खुशाल जा.

पंचविशीच्या आत असाल तर संसदेतल्या विधेयकांचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेची लॅम्प फेलोशिप जरूर पाहा. प्रत्येक फेलोला एका खासदारासोबत काम असतं, आणि हे खासदार वेगवेगळ्या पक्षांचे असतात. पीआरएस स्वतः विधेयकात काय आहे ते मांडते, पाठिंबा द्या की विरोध करा हे सांगत नाही. ही शिस्त सुरुवातीलाच अंगी बाणली तर पुढे कुठल्याही संस्थेत गेलात तरी पुरावा कुठे संपतो आणि आपलं मत कुठे सुरू होतं, ते तुम्हाला दिसत राहील.