डिले अ‍ॅनालिसिस: ईओटी परत येते ती या चुकांमुळे

बांधकाम लेट झालंय, ईओटीची (एक्स्टेन्शन ऑफ टाइम, म्हणजे मुदतवाढीची) फाईल गेलीय आणि क्लायंटकडून एका ओळीत उत्तर आलंय की डिले सिद्ध होत नाही. मुंबईत प्लॅनिंगमध्ये किंवा बिलिंगला असाल तर ही ओळ वाचलेली असणारच. बऱ्याचदा क्लेम खोटा नसतो, मांडणी गंडलेली असते.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे बेरीज. ड्रॉइंग 40 दिवस लेट, जागेचा ताबा 60 दिवस लेट, म्हणून द्या 100 दिवस! अहो, दोन्ही एकाच काळात चालू असतील तर ते 100 होत नाहीत, आणि त्या ड्रॉइंगच्या कामाला 30 दिवस फ्लोट (शेवटची तारीख न हलता लांबता येईल इतकी सवड) असेल तर ड्रॉइंगमुळे शेवटची तारीख फार तर 10 दिवसच हलणार. हिंड्रन्स रजिस्टरची (साइटवरच्या अडथळ्यांच्या नोंदवहीची) बेरीज म्हणजे अ‍ॅनालिसिस नाही, क्रिटिकल पाथवर, म्हणजे शेवटची तारीख ठरवणाऱ्या कामांच्या साखळीत, काय झालं ते दाखवावं लागतं.

मेथड निवडतानाही हेच. एससीएल (ब्रिटनची सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ) प्रोटोकॉलच्या 2017 च्या दुसऱ्या आवृत्तीत सहा मेथड दिल्यात, आणि लोक त्यातली सगळ्यात सोपी उचलतात, ती म्हणजे इम्पॅक्टेड अ‍ॅज-प्लॅन्ड, बेसलाइनमध्ये (सुरुवातीला ठरवलेल्या वेळापत्रकात) डिले टाकायचा आणि नवी तारीख काढायची. काम संपल्यावर हे दिलंत तर समोरचा विचारणार की प्रत्यक्षात साइटवर काय चाललं होतं ते यात कुठाय? टाइम इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिसला (डिले झाला त्या वेळच्या वेळापत्रकात तो टाकून तारीख किती हलते ते बघणं) घटनेच्या अगदी आधीचा वेळापत्रकाचा अपडेट लागतो. महिन्याचे अपडेटच नसतील तर त्याच्या नादी लागू नका, अ‍ॅज-प्लॅन्ड व्हर्सेस अ‍ॅज-बिल्ट विंडोज करा, म्हणजे कामाचे कालखंड पाडून ठरलेल्या आणि प्रत्यक्षातल्या तारखा ताडून बघा. हातात काय रेकॉर्ड आहे ते आधी बघायचं आणि मग मेथड ठरवायची, उलटं नाही.

पी6 (प्रिमावेरा, वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर) मध्ये डिले टाकला तरी शेवटची तारीख हलतच नाही, असं झालं तर आधी कन्स्ट्रेंट (तारखेवर घातलेलं बंधन) तपासा. कोणीतरी मॅन्डेटरी फिनिश (सक्तीची शेवटची तारीख) लावून ठेवलेलं असतं! नाहीतर ज्या अ‍ॅक्टिव्हिटीला डिले जोडलाय तिला सक्सेसरच (तिच्यानंतर जोडलेलं काम) नसतो.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर मुंबईत पाऊस पडणार हे टेंडर भरताना सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे नेहमीच्या पावसासाठी दिवस मागितले की फाईल परत येते. जास्तीचा होता हे हवामान खात्याच्या आकड्यांनी दाखवायला लागतं आणि तेही तुमच्या साइटजवळच्या केंद्राच्या, कारण 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पडला आणि कुलाब्याला 75 सुद्धा नाही, म्हणजे अंधेरीच्या साइटसाठी कुलाब्याचा तक्ता जोडलात तर स्वतःच्याच पायावर धोंडा. खरा क्लेम बहुतेक वेगळ्याच ठिकाणी असतो. ताबा मार्चऐवजी मे अखेर मिळाला आणि एप्रिल-मेमधलं खोदकाम भर पावसाळ्यात ढकललं गेलं, तर दोन महिन्यांच्या डिलेचे चार होऊ शकतात. हे दिसायला प्रोग्रॅममध्ये मान्सून कॅलेंडर (पावसाळ्यात कामाचे दिवस कमी धरणारं) हवं, ते पहिल्या दिवसापासून बेसलाइनमध्येच हवं, आयत्या वेळी क्लेमसाठी घातलेलं लगेच ओळखू येतं.

कोर्टाच्या स्टेचंही तसंच, ऑर्डरपासून ऑर्डरपर्यंतचे दिवस मोजून लोक थांबतात. 2019 मध्ये कोस्टल रोडची सीआरझेड (किनारपट्टी नियमांखालची) मंजुरी जुलैत हायकोर्टाने रद्द केली आणि डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. एवढ्या खंडानंतर लेबर आणि मशिनरी परत उभी करायला लागणारा वेळ पण मांडा, मात्र त्याच काळात तुमचं स्वतःचं काही लेट असेल तर तेही लिहा, लपवलेलं सापडलं की बाकीच्या खऱ्या दिवसांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. अशा कॉन्करंट डिलेत (दोघांचाही डिले एकाच काळात) एससीएलच्या मते वेळ मिळतो, प्रोलाँगेशनचा (काम लांबल्याचा) खर्च मात्र नेहमी नाही.

नोटीस विसरू नका. फिडिक (आंतरराष्ट्रीय बांधकाम करारांचा नमुना) 1999 मध्ये क्लेमची नोटीस द्यायला 28 दिवसांची मुदत आहे, तुमच्या करारात काय आहे ते बघा. आणि ईओटी देताना क्लायंट "यापुढे कोणताही क्लेम नाही" असं हमीपत्र पुढे करतो, त्यावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

बेसलाइन अप्रूव्हच झाली नसेल? मग ती सबमिट केल्याचं पत्र शोधा, आणि अ‍ॅज-बिल्ट तारखा पोअर कार्ड (काँक्रीट ओतल्याची नोंद), आरएमसीचे (तयार काँक्रीटचे) चलन, मेजरमेंट बुक आणि गेटच्या रजिस्टरमधून काढा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे फोटो आत्ताच तारखेसकट सेव्ह करा, साइट इंजिनिअर नोकरी सोडून गेला की त्याचा फोन पण जातो.