मार लागलेला डोळा, मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि स्टेरॉइड : या चुका टाळा

ऊसतोड सुरू झाली की आमच्या सांगलीच्या ओपीडीत मार लागलेले डोळे वाढतात. कुणाच्या डोळ्यात पाचट गेलेलं, कुणाला छिन्नीची कपची लागलेली. सुट्टीत पोरांचा विटीदांडू असतोच. भिंगाचं आवरण फाटलं तर मोतीबिंदू दोन-चार दिवसांतसुद्धा पांढराफटक होतो.

अशा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये कधीकधी डोळ्याच्या आत ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड सोडावं लागतं. नाव ऐकूनच नातेवाईक दचकतात. मारानं भिंगाला धरणारे तंतू तुटले, की भिंगामागची जेली पुढे येते. ती पारदर्शक, मायक्रोस्कोपखालीही नीट दिसत नाही. औषधाचे पांढरे कण तिला चिकटले की कोळ्याच्या जाळ्यावर पीठ पडावं तशी ती उमटते, मग नेमकी कापता येते. राहिली तर बाहुली ओढली जाते, डोळ्यामागचा पडदा सरकण्याचा धोका वाढतो. शिवाय या औषधानं सूज आटोक्यात येते. लहान मुलांत ती फार उसळते.

सगळ्यात महागात पडणारी चूक ऑपरेशनच्या आधीच होते : काय लागलं ते न सांगणं. उसाच्या पानातून, काट्यातून, मातीतून बुरशी आत गेलेली असू शकते, आणि स्टेरॉइडनं ती फोफावते. वाळव्याकडचे एक काका ‘असंच लागलं’ एवढंच म्हणत होते. सुनेनं पिशवीतून थेंबांची बाटली काढली. लेबलवर डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइडच! शेजाऱ्याला गुण आला म्हणून आठ दिवस घालत होते. बाटली दिसली म्हणून आम्ही सावध झालो. तुम्हीही घातलेलं प्रत्येक औषध सोबत आणा.

ऑपरेशननंतर बुबुळाच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ते उरलेलं औषध असू शकतं, हळूहळू विरतं. पण पूही तसाच दिसतो, तेव्हा घरी ठरवू नका. ठणका, लाली वाढली किंवा नजर कमी झाली तर रात्रीच निघा.

‘आत इंजेक्शन दिलंय’ म्हणून डॉक्टरांनी दिलेले थेंब बंद करू नका.

आणि दुखत नाही म्हणून तपासणी चुकवू नका. डोळ्याचं प्रेशर साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतं. स्टेरॉइडनं काही जणांत ते काही आठवड्यांनी वाढतं, तिशीपार गेलं तरी पुष्कळांना कळत नाही. मार लागलेल्या डोळ्यात तर ते कित्येक वर्षांनीही वाढू शकतं. म्हणून डिस्चार्ज कार्ड जपा, कुठलं औषध सोडलं ते त्यावर लिहून घ्या आणि दर वर्षी प्रेशर मोजायला येताना तेच घेऊन या.