ऑपरेशनची कन्सेंट नुसती सही नव्हे

थिएटरमध्ये नेता नेता छापील फॉर्मवर सही घेतली की झालं, असं बरेच सर्जन अजून धरून चालतात, पण 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने साफ सांगितलंय की तपासणीच्या लॅप्रोस्कोपीसाठी (पोटात दुर्बीण घालून पाहण्यासाठी) दिलेल्या संमतीवर गर्भाशय काढता येत नाही, आणि जिवावर बेतलेलं नसेल तर भुलीतल्या सज्ञान पेशंटच्या वतीने आईने दिलेला होकारही चालत नाही. त्यामुळे आदल्या दिवशीच पेशंटच्या भाषेत धोके, पर्याय सगळं बोलून घ्या, दुर्बिणीतून नाही जमलं तर पोट उघडावं लागेल हेही लिहा.

पेशंटच्या केसपेपरवरच्या नोट्सवर लिहिल्याची वेळ टाका. चुकलं तर एक रेघ मारून सही करा, व्हाइटनर बिलकुल नको, वकील तिथेच पकडतो. पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर 72 तासांत द्या, टोलवाटोलवी केली की संशय आलाच!