एकट्याने तीन-चार खंड फिरायचेत? आधी व्हिसा, मग तिकीट

लोक आधी तिकीट काढतात आणि मग व्हिसासाठी धावतात, आपल्या पासपोर्टवर हे उलटं करायचं. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच) व्हिसा साधारण राहत्या देशातूनच मिळतो, पेरूत बसून स्पेनचा अर्ज टाकू म्हणाल तर अडकाल, तो निघायच्या आधीच घ्या, अर्ज ६ महिने आधीपासून टाकता येतो आणि कुठल्याही १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं हे धरूनच रूट आखा. केनिया, ब्राझील करून परत येणार तर यलो फीवरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी, लस घेतल्याच्या दाखल्याचं ते पिवळं कार्ड पासपोर्टलाच रबर लावून ठेवा, नाहीतर मुंबईत उतरल्यावर क्वारंटाइन (माझं एकदा चेक-इन बॅगेत गेलेलं, घामच फुटला). मधे एखादा आठवडा मोकळा ठेवा, कपडे धुवायला तरी.