ट्रॅकर ब्लॉकर लावूनही माग निघतोय? या चुका टाळा

माग काढणारे ट्रॅकर अडवणारं ब्लॉकर एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायची छोटी भर) टाकलं की काम झालं, असं धरून चालणं हीच मोठी चूक. ब्लॉकर नेमकं काय बघतो ते माहीत असेल तर निम्म्या अडचणी तिथेच सुटतात.

पान उघडताना ब्राउझर त्या एकाच साइटकडे जात नाही. स्क्रिप्ट, चित्रं, न दिसणारे एका पिक्सेलचे ठिपके यांच्यासाठी तो इतर अनेक सर्व्हरांकडे विनंत्या धाडतो. युब्लॉक ओरिजिन हा ब्लॉकर प्रत्येक विनंतीचा पत्ता ईझीलिस्ट, ईझीप्रायव्हसी अशा जाहिराती-ट्रॅकरांच्या याद्यांशी ताडून बघतो आणि जुळला तर ती बाहेर पडण्याआधीच अडवतो. प्रायव्हसी बॅजर हा दुसरा ब्लॉकर मात्र वागणुकीवर जातो: एकच परका सर्व्हर तीन वेगवेगळ्या साइटींवर माग काढताना सापडला की अडवला. हे शिकणं २०२० पासून मुख्यतः ईएफएफ ही बॅजर बनवणारी संस्था स्वतःकडे करते आणि तयार यादी पाठवते. प्रत्येकाचा बॅजर वेगळं शिकला, तर त्या वेगळेपणावरूनच माणूस ओळखता येईल, ही भीती त्यामागे होती.

आता नेहमीची चूक: जोडीला आणखी एक ब्लॉकर लावणं. त्यानं संरक्षण दुप्पट होत नाही. पान मोडू नये म्हणून ब्लॉकर कधीकधी ट्रॅकरच्या स्क्रिप्टच्या जागी निरुपद्रवी नकली स्क्रिप्ट ठेवतो. दुसऱ्या ब्लॉकरनं ती विनंतीच तोडली, की पान अडकतं. एकच ठेवा आणि तो नीट चालवा.

पान बिघडलं की वैतागून एक्स्टेंशनच काढून टाकणारेही खूप. समजा, लॉगिनचं बटण दाबूनही काही होत नाही. आधी फक्त त्या साइटपुरता ब्लॉकर बंद करून पान रीलोड करा. तरीही बटण मेलेलंच असेल, तर दोष ब्लॉकरचा नाही. चालू झालं, तर ब्लॉकर पुन्हा लावा आणि याद्या अपडेट करा. बऱ्याचदा दुरुस्ती आधीच आलेली असते. नसेल तर युब्लॉकचा लॉगर (विनंत्यांची नोंद) उघडा, पान पुन्हा रीलोड करा आणि लाल ओळी, म्हणजे अडवलेल्या विनंत्या, बघा. लॉगिनशी संबंध दिसणारा पत्ता तेवढा त्या साइटपुरता मोकळा करा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि बाकीचं संरक्षण शाबूत राहतं.

ब्राउझर कोणता, यानंही फरक पडतो. काही ट्रॅकर साइटच्याच सबडोमेनआड, म्हणजे तिच्याच नावाच्या उपपत्त्याआड, लपतात. फायरफॉक्समध्ये युब्लॉक डीएनएस (नावामागचा सर्व्हर सांगणारी इंटरनेटची यंत्रणा) तपासून त्यांचा खरा पत्ता काढतो. क्रोम एक्स्टेंशनला तशी सोय देत नाही. क्रोमच्या मॅनिफेस्ट व्ही३ या एक्स्टेंशनसाठीच्या नव्या चौकटीत तर अडवण्याचे नियम आधीच ब्राउझरच्या हवाली करावे लागतात, म्हणून तिथे युब्लॉक ओरिजिन लाइट ही हलकी आवृत्ती आहे. जमत असेल तर फायरफॉक्सच घ्या, असं माझं स्पष्ट मत.

इन्कॉग्निटोत एक्स्टेंशन आपोआप चालतं असं समजू नका. क्रोममध्ये ती परवानगी वेगळी द्यावी लागते. आणि एखाद्या साइटवर लॉगिन करून तुम्ही जे बघता, शोधता, ते त्या साइटला कळतंच. ते कुठलाही ब्लॉकर लपवू शकत नाही; तिथे खात्यातून लॉगआउट करणं हाच उपाय.